न संपणाऱ्या कथेचा निवाडा

सप्टेंबर १९८८ मध्ये अमेरिकेतील 'बॅटमन' या मासिक चित्रकथेच्या वाचकांपुढे एक विलक्षण प्रश्न ठेवण्यात आला. बॅटमनचा किशोरवयीन साथीदार रॉबिन एका स्फोटात सापडला होता. तो जगावा की मरावा, याचा निर्णय वाचकांनी द्यायचा होता. अंकाच्या मागील बाजूस दोन दूरध्वनी क्रमांक छापले होते, एक जीवनाचा आणि एक मरणाचा. प्रत्येक दूरध्वनीचे पन्नास सेंट पडणार होते. छत्तीस तासांनी वाहिन्या बंद झाल्या, तेव्हा जीवनाच्या पारड्यात ५,२७१ मते पडली होती आणि मरणाच्या पारड्यात ५,३४३. बहात्तर मतांच्या फरकाने एक मुलगा मेला. चित्रकार जिम अपारो यांनी दोन्ही निकालांची पाने आधीच काढून ठेवली होती. त्यांतली एका निकालाची छापली गेली आणि दुसऱ्या निकालाची कपाटात गेली.

या मतदानाचे मूळ आणखी मासलेवाईक आहे. १९८२ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमात एडी मर्फी या नटाने जिवंत शेवंड हातात धरून, ती उकळत्या पाण्यात टाकावी की सोडून द्यावी, असा कौल प्रेक्षकांकडून दूरध्वनीवर मागितला होता. संपादक डेनिस ओ'नील आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपली कल्पना सुचली ती त्या शेवंडीवरून.

कागदावरचे मरण ते, त्याचा एवढा ऊहापोह कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या मते त्या दहा हजारांहून अधिक दूरध्वनींत मूल्यमापनाचा एक मूळ प्रश्न उघडा पडला. दूरध्वनी करणारे ते सारे लोक एका अंकाचे परीक्षणच करीत होते. हा रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, त्या नावाचा दुसरा धारक. तो उद्धट होता, हेकट होता, आणि पहिल्या रॉबिनची सर त्याला नाही असे अनेकांचे मत होते. पात्र मनास उतरले नाही, एवढाच त्यांचा अभिप्राय. पण त्या अभिप्रायाला व्यक्त होण्यासाठी जी वाट मिळाली तिच्या शेवटी एका मुलाचा मृत्यू होता. अपुरी कथा वाचून त्यांनी निवाडा दिला, आणि तो निवाडाच पुढची कथा झाला.

या पानांवर सहसा संतवाङ्मय, नाट्यपरंपरा, फार तर एखाद्या नव्या कादंबरीचा परामर्श येतो. मुखवटे घातलेल्या, आकाशातून उडणाऱ्या महानायकांच्या पुस्तिका येथे कशा, हा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्यांना आमची विनंती एवढीच, की आपल्याच घरातील विशी-पंचविशीच्या मुलांचे बोलणे एकदा कान देऊन ऐकावे. इंदूरच्या वाड्यातला नातू आणि परदेशी गेलेली भाची एकमेकांना सांगत असतात, की या महिन्याचा अंक दहापैकी सात, मागचा साडेआठ होता. ही मुले आमच्या पिढीपेक्षा अधिक नियमाने समीक्षा करतात. ती कोणत्या मापाने करतात आणि कोणत्या मापाने करावी, हा प्रश्न आम्हांस केवळ अभिरुचीचा वाटत नाही. त्यात नीतीचाही अंश आहे.

प्रथम हा अंक म्हणजे काय, ते पाहू. साधारण वीस-बावीस पानांची रंगीत पुस्तिका, किंमत चार-पाच डॉलर. नव्या अंकांचा वार परंपरेने बुधवार. तिच्यात जी कथा चालते तिचा नायक १९३८ किंवा १९३९ सालापासून जिवंत आहे आणि अजून तिशी-पस्तिशीतच आहे. लेखक बदलतात, चित्रकार बदलतात, कथा मात्र थांबत नाही. मराठीत 'अंक' हा शब्द नियतकालिकाला लागतो, नाटकाच्या भागाला लागतो आणि परीक्षेतल्या आकड्यालाही लागतो. नाटकाचा तिसरा अंक पाहून कोणी उठून गेला आणि त्याने नाटकावर मत दिले, तर आपण त्याला हसू. येथे मात्र हजाराव्या अंकानंतरही पडदा पडत नाही. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा हजारावा अंक २०१८ साली निघाला आणि पुढच्या महिन्यांत कथा पुढे चालूच राहिली.

क्रमशः प्रसिद्ध होणारी कथा आपणांस नवी नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून हप्त्याहप्त्याने आली आणि घरोघर वाचली गेली. पण त्या वाचकाला एक भरवसा होता. हा लेखक कोठेतरी पोचणार आहे, यमूच्या आयुष्याचे जे व्हायचे ते होणार आहे आणि एकदा झाल्यावर ते न-झाले होणार नाही. हप्त्याचा न्याय त्या शेवटाच्या भरवशावर होत असे. भरवसाच नसेल तर न्याय कशाच्या आधारे करायचा?

या पुस्तिकांचे मूल्यमापन आजवर अनेकांनी केले. सर्वांत गाजलेले परीक्षक म्हणजे न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम. १९५४ साली त्यांनी आपल्या ग्रंथात असे प्रतिपादले, की चित्रकथा मुलांना गुन्हेगारीकडे नेतात. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि भयभीत प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्यात एक कलम असे होते, की प्रत्येक वेळी सत्प्रवृत्तीचा विजय झालाच पाहिजे आणि गुन्हेगाराला शिक्षा मिळालीच पाहिजे. वरवर पाहता कोणत्याही सज्जनास हे कलम मान्य होईल. पण त्याचा परिणाम असा झाला, की नायकाच्या विजयात त्याचे काही कर्तृत्वच उरले नाही. तो नियमानेच जिंकू लागला. पुढे कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासिकेने वर्दम यांची कागदपत्रे तपासली आणि २०१२ साली दाखवून दिले, की त्यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार व काटछाट केली होती. नीतीच्या नावाने परीक्षण करणाऱ्याने पुराव्याशी अनीती करावी, यातला उपरोध आम्ही वाचकांवर सोडतो. संहितेची पकड मात्र हळूहळू सुटत गेली. १९७१ साली स्पायडरमॅनच्या तीन अंकांत मादक द्रव्यांच्या दुष्परिणामांचे कथानक आले. ते लिहावे अशी सूचना खुद्द सरकारी आरोग्यखात्याकडून आली होती, तरी संहितेने शिक्का नाकारला. अंक शिक्क्यावाचून निघाले आणि त्याच वर्षी संहितेला आपले नियम सैल करावे लागले.

दुसरे परीक्षक बाजारातले. २००० सालापासून अमेरिकेत अंकांची प्रतवारी करून देणारी एक व्यावसायिक संस्था काम करते. अर्ध्या गुणापासून दहापर्यंत तिची श्रेणी आहे. कोपरा दुमडला आहे का, पाठीच्या घडीवर चरे आहेत का, कागद पांढरा राहिला आहे की पिवळा पडला, एवढेच ती पाहते. मग तो अंक पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात कायमचा बंद केला जातो. कवच फोडले की श्रेणी गेली. म्हणजे ज्या अंकाला ९.८ गुण मिळाले तो वाचता येत नाही, आणि जो वाचला जातो त्याचे गुण उतरत राहतात. कथेला तेथे शून्यही गुण नाहीत, कारण तिचा विचारच नाही. सुपरमॅनचा पहिला अंक १९३८ साली दहा सेंटला मिळत होता. त्याची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरला विकली गेली. आपल्याकडे जुन्या पोथ्या रेशमी बासनात बांधून देवघरात ठेवतात आणि उघडून वाचत नाहीत, त्यातला हा प्रकार आहे. फक्त पोथीला निदान फूल तरी वाहिले जाते.

या बाजारी मूल्यमापनाने कथेवर काय ओढवले, त्याचे ठळक उदाहरण म्हणजे नोव्हेंबर १९९२ मधील 'सुपरमॅन'चा ७५ वा अंक. त्यात सुपरमॅन मरतो. हा अंक काळ्या पिशवीत मोहरबंद करून विकला गेला, सोबत दंडावर बांधायची सुतकाची काळी फीतही होती. लोकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. अनेकांनी दोन-दोन प्रती घेतल्या, एक वाचायला आणि एक न उघडता ठेवायला. आता गंमत पाहावी. अंक म्हणून तो फारसा वाईट नव्हता. त्याआधीच्या तीन भागांत चित्रकारांनी प्रत्येक पानावर अनुक्रमे चार, तीन आणि दोन चौकटी ठेवल्या होत्या, आणि या अंकात पानाला एकच चौकट. घाव जसजसे जड होतात तसतसा श्वास लांबत जातो. डूम्सडे नावाच्या राक्षसाशी दोघांचाही अंत होईपर्यंत तो झुंजतो, आणि शेवटी लोइस लेन त्याचे मस्तक हाती धरून बसलेली दिसते. हे सारे करणाऱ्यांना आपले काम कळत होते. आणि तरीही त्या मरणाचे वजन एक वर्षही टिकले नाही. १९९३ संपण्यापूर्वी सुपरमॅन परत आला. न उघडलेल्या पिशव्या लाखोंनी असल्यामुळे त्यांनाही पुढे फारशी किंमत आली नाही.

असे का व्हावे? इटालियन विचारवंत उम्बेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधात याचे मर्म सांगितले आहे. माणूस कृती करतो तेव्हा तो थोडासा खर्च होतो, मरणाच्या दिशेने एक पाऊल पुढे जातो. सुपरमॅनला खर्च होण्याची परवानगी नाही. म्हणून त्याच्या कथेत काळ पुढे सरकत नाही आणि प्रत्येक साहस जणू नव्याने आरंभापासून सुरू होते. एकोंनी हे कथारचनेच्या अंगाने मांडले. आम्ही त्यात व्यवहाराची एक बाजू जोडू. नायक मरू शकत नाही याचे कारण तो कोणाची तरी मालमत्ता आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी त्याला निर्माण केले आणि १९३८ साली १३० डॉलरला त्याचे सारे हक्क लिहून दिले. पुढे दोघांचेही दिवस हलाखीत गेले. १९७५ साली बराच बभ्रा झाल्यावर त्यांना वार्षिक मानधन आणि अंकावर नाव मिळाले. बॅटमनच्या घडणीत मोठा वाटा असलेले बिल फिंगर १९७४ साली वारले आणि त्यांच्या नावाला अधिकृत श्रेय मिळायला २०१५ साल उजाडले. निर्माते मर्त्य, निर्मिती अमर, हे तर कालिदासाच्या बाबतीतही खरेच आहे. पण शकुंतलेच्या अमरत्वासाठी दुष्यंताच्या हातून झालेला अन्याय पुढच्या महिन्यात पुसून टाकावा लागत नाही.

अमरत्वाविषयी आपल्या परंपरेने फार सावधपणे विचार केला आहे. राम शरयूत प्रवेश करतो, कृष्णाला व्याधाचा बाण लागतो, पांडव हिमालयाच्या वाटेवर एकेक करून पडतात. आपले नायक मरतात, आणि त्यांच्या मरणाने त्यांच्या आधीच्या प्रत्येक कृतीला अर्थ येतो. सात चिरंजीव आहेत खरे, पण त्यांत अश्वत्थामाही आहे. पांडवांच्या झोपलेल्या पुत्रांना मारणाऱ्या त्या माणसाला न मरणे ही शिक्षा म्हणून मिळाली. माळव्यात आणि नर्मदाकाठी राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे सांगायला नको. अशीरगडच्या शिवमंदिरात तो पहाटे फूल वाहून जातो, परिक्रमावासीयांकडे कपाळाच्या जखमेसाठी तेल मागतो, या गोष्टी ऐकतच आपण वाढलो. जखम आहे पण ती भरत नाही, वेदना आहे पण तिचा शेवट नाही. महानायकांच्या मासिकांतले कित्येक नायक आम्हांस या अश्वत्थाम्याचे दूरचे नातलग वाटतात. त्यांचे आईबाप दर काही वर्षांनी नव्याने मारले जातात, आणि दर वेळी अश्रू तेच.

येथे कोणी चोखंदळ वाचक आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप बळकट आहे. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला सीतेची सुटका होणार हे ठाऊक नसते काय? उत्तररंगातले आख्यान त्याने वीस वेळा ऐकलेले असते. तरीही आजचे बुवा कसे बोलले, यावर मांडवाबाहेर चर्चा होते आणि ती रास्तच असते. शेवट ठरलेला असणे हा दोष नव्हे, पुनरावृत्ती हाही नव्हे. मग महिन्याच्या अंकाकडूनच नावीन्याचा हट्ट का धरावा?

हा आक्षेप आम्हांला अर्धा मान्य आहे, आणि त्या अर्ध्यातूनच आमचे मत तयार झाले आहे. कीर्तनकार आख्यानाचा शेवट बदलत नाही, तसा तो खोटाही करत नाही. सीता अग्नीतून जाते ती त्या रात्री खरोखरच जाते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी तेच आख्यान पुन्हा रंगेल म्हणून आजची परीक्षा लटकी ठरत नाही, कारण सांगणाऱ्याने आजच्या पुरते काहीही हातचे राखलेले नसते. तेव्हा अंकाचे माप हेच असावे. या वीस पानांत कोणी काही केले, त्याची किंमत कोणी मोजली, आणि ती किंमत याच पानांत चोरवाटेने परत घेतली गेली का? प्रकाशक पाच वर्षांनी काय करील, याचा जबाब हा अंक देऊ शकत नाही. लिहिणाऱ्याने लिहिताना मागचे दार उघडे ठेवले होते का, याचा जबाब मात्र तो देऊ शकतो. अनुभवी वाचकाला ते दार उघडे असल्याचा गार वारा लागतोच.

या मापाने पाहिले तर काही अंक वेगळे दिसू लागतात. जून १९७३ चा 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा १२१ वा अंक घ्यावा. लेखक जेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला खलनायक पुलावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन जाळ्याचा धागा फेकून तिला पडता पडता पकडतो, वर ओढून घेतो आणि स्वतःवर खूश होतो. मग त्याला दिसते की ती मेलेली आहे. धागा तिला धरतो त्या चौकटीत तिच्या मानेजवळ एक बारीकसा ध्वनिवाचक शब्द लिहिला आहे, काडी मोडल्यासारखा. अचानक बसलेल्या हिसक्याने ती गेली, असा खुलासा नंतर एका अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकांनी केला. म्हणजे तिचा जीव बहुधा वाचवण्याच्या कृतीनेच घेतला. सामर्थ्य आहे, हेतू शुद्ध आहे, कौशल्य अचूक आहे आणि फळ हे असे. कर्म आणि फळ यांविषयी आपण प्रवचने ऐकत आलो. त्या प्रश्नाचा इतका उघडावाघडा प्रसंग एका वीस सेंटच्या पुस्तिकेत यावा, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. त्या अंकाने संतापलेले वाचक पुष्कळ होते. त्यांनी पत्रे लिहिली, पण ग्वेन परत आली नाही. तिच्या प्रतिकृती आल्या, दुसऱ्या विश्वांतल्या ग्वेन आल्या, ही मात्र गेली ती गेलीच. प्रकाशकाने आपल्या मालमत्तेचा एवढा तुकडा खरोखर खर्च केला.

जेसन टॉडचे तसे झाले नाही. २००५ साली तोही परतला, आणि परतला तो सूडाने पेटलेला मुखवटाधारी होऊन. जिम अपारो यांची ती कपाटातली पानेसुद्धा पडून राहिली नाहीत. जिवंत रॉबिनची ती पाने घालून २०२३ साली जुन्या अंकाची नवी आवृत्ती काढण्यात आली, आणि २०२४ साली त्याच धाग्यावर, म्हणजे तो वाचला असता तर काय झाले असते यावर, नवी मालिकाही आली. ज्यांनी पन्नास सेंट खर्चून मरण मागितले त्यांनाही माल मिळाला, आणि ज्यांनी जीवन मागितले त्यांनाही छत्तीसएक वर्षांनी मिळाला. हे पाहून त्या ५,३४३ लोकांच्या मनावरचे ओझे उतरावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. निकाल फिरवला गेला, पण कौल देताना त्यांना तो फिरेल हे ठाऊक नव्हते. कोणा एकाने यंत्र लावून शेकडो मते टाकली, अशी वदंता नंतर पसरली. ती खरी धरली तरी उरलेल्या हजारोंनी आपापल्या बोटांनीच क्रमांक फिरवला होता.

आजच्या वाचकाला असा क्रमांक कोणी देत नाही, पण त्याचा कौल रोजच घेतला जातो. अमेरिकेतील दुकानदार अंकांची मागणी कित्येक आठवडे आधी नोंदवतात आणि न खपलेल्या प्रती सहसा परत देता येत नाहीत. त्यामुळे ते वाचकांची इच्छा आधीच विचारून घेतात. नव्या मालिकेचा पहिला अंक कोणी वाचण्यापूर्वीच तिचे आयुष्य बरेचसे ठरलेले असते. दुसऱ्या-तिसऱ्या अंकाची मागणी घसरली की पाचव्या-सहाव्याला मालिका बंद. साहजिकच पहिल्या अंकात सारे काही ओतले जाते. जग बुडण्याच्या बेतात येते, कोणीतरी मरते, मुखपृष्ठावर काळा हात येतो. मुले म्हणतात, पहिला अंक नऊ, दुसरा सहा. त्यांच्या हे ध्यानी येत नाही, की पहिला नऊचा झाला तो दुसऱ्याच्या ताटातले वाढून घेऊन. अपुऱ्या गोष्टीवर मत देणे आम्ही अनैतिक मानत नाही. ते द्यावेच लागते, कारण जगण्यातल्या बहुतेक गोष्टी अपुऱ्याच असतात. पण वचनाला पूर्तीचे गुण देऊ नयेत. साखरपुड्याच्या जेवणावरून कोणी संसाराची तारीफ करीत नाही.

मरणाच्या या कोड्यावर एक जुने उत्तर आहे, आणि ते आपल्यापैकी अनेकांच्या ट्रंकांत अजून पडलेले असेल. ली फॉक यांनी १९३६ साली 'फँटम' निर्माण केला. १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स'ने तो भारतीय भाषांत आणला आणि मराठीत तो 'वेताळ' झाला. हिंदी मुलखात राहणाऱ्या आपल्या मुलांनी तो 'वेताल' म्हणूनही वाचला, आणि ळ की ल यावर घराघरांत लुटुपुटीचे वादही झाले असतील. १९९० साली इंद्रजाल बंद पडले. वेताळाविषयी अरण्यातल्या लोकांची समजूत अशी, की तो चारशे वर्षे जिवंत आहे. वाचकाला मात्र खरे ठाऊक असते. तो एकविसावा आहे. बाप मरतो, कवटीच्या गुहेत पुरला जातो, आणि मुलगा तोच पोशाख चढवून तीच शपथ घेतो. वीस पूर्वजांच्या कबरी त्या गुहेत ओळीने आहेत. मुखवटा अमर आणि माणूस मर्त्य, अशी ही वाटणी आहे. त्यामुळे प्रत्येक वेताळाला आपण मरू शकतो हे ठाऊक असते आणि त्याच्या धाडसाला वजन येते. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी देश सोडून परमुलखात स्थिरावलेल्या घराण्यांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या घरांतून मराठी टिकली ती कोणी एक न मरणारा ती बोलत राहिला म्हणून नव्हे.

अलीकडे तिकडच्या लेखकांनाही हा मार्ग दिसला आहे. २०११ साली स्पायडरमॅनच्या एका समांतर मालिकेत मूळ नायक मारला गेला आणि माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन वंशाचा मुलगा तो वेष घालू लागला. त्या वेळी नव्या नायकाच्या वर्णावरूनच त्याचे मूल्यमापन करणारे पुष्कळ निघाले. अंकात मात्र तो मुलगा, आपण वेळीच धावलो असतो तर पहिला वाचला असता, या विचाराने होरपळत होता, आणि तेच त्या कथेचे बळ होते. पुढे २०१४ साली मारलेला नायक तेथेही जिवंत निघाला. मोह आवरत नाही तो असा. आपल्याकडेही २००४ साली पवित्र प्रभाकर या मुंबईच्या मुलाला स्पायडरमॅन करून एक छोटी मालिका निघाली. त्याचे धोतर नेसलेले रूप पाहून कोणी खूश झाले, कोणी नाके मुरडली, आणि चर्चा धोतरापलीकडे फारशी गेली नाही. भीमकाका मात्र तेथेही मरतातच. मुखवटा वारशाने यावा लागतो, नुसता प्रांत बदलून चालत नाही, असे आमचे त्यावरचे मत आहे.

शेवटी एका अंकाविषयी लिहायचे राहिले. जानेवारी १९८४ चा 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा २४८ वा अंक. त्याच्या पहिल्या भागात नेहमीची हाणामारी आहे आणि ती आता कोणाला आठवत नाही. दुसऱ्या भागात अकरा पानांची एक गोष्ट आहे. लेखक रॉजर स्टर्न, चित्रकार रॉन फ्रेन्झ. टिम हॅरिसन नावाचा नऊ वर्षांचा मुलगा स्पायडरमॅनविषयीची प्रत्येक गोष्ट गोळा करतो. वर्तमानपत्रातली कात्रणे त्याने वहीत चिकटवून ठेवली आहेत. एका रात्री नायक खिडकीतून त्याच्या खोलीत येतो. दोघे कात्रणे पाहत बसतात, गप्पा मारतात, थोडी मस्ती करतात. खलनायक नाही, संकट नाही. निघताना मुलगा विचारतो, की तू खरा कोण आहेस? क्षणभर थांबून नायक मुखवटा काढतो आणि आपले नाव सांगतो. आपल्या हलगर्जीपणामुळे काका कसे गेले, हेही सांगतो. ज्या गुपितासाठी वीस वर्षे शेकडो पाने खर्ची पडली, ते तो एका लहान मुलाच्या हाती ठेवतो. मग मुलाला जवळ घेऊन निरोप घेतो आणि भिंतीवरून बाहेर उडी मारतो. शेवटच्या पानावर त्या इमारतीच्या फाटकावरची पाटी दिसते, आणि ते कर्करोगाचे रुग्णालय आहे हे वाचकाला तेव्हा कळते. मुलाच्या हाती थोडेच आठवडे उरले आहेत.

या गोष्टीत नायकाच्या सगळ्या शक्ती निरुपयोगी आहेत. तो त्या मुलाला वाचवू शकत नाही आणि तसा आवही आणत नाही. त्याच्याजवळ देण्यासारखे एकच होते, ते त्याने दिले. मुलाने जमवलेल्या संग्रहाची बाजारात काय किंमत आली असती, याचा विचार अकरा पानांत एकदाही येत नाही. तो अंक त्या महिन्यात साठ सेंटला मिळत होता.